मोडक्या चकल्या

कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला आता २२ वर्षे झाली. या वर्षांत विलापिका हा काव्यप्रकार मी निदान पंधरा वेळा तरी शिकविला असेन. त्याची व्याख्या, त्याची लक्षणे, परीक्षेत येणारे प्रश्न, सारे मला तोंडपाठ आहे. पण गेलेल्या माणसाविषयी बोलायचे कसे, हे मात्र मी शिकले ते इयत्ता तिसरीच्या वर्गात. तेही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी!

झाले असे की, २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे गेले होते. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि कित्येक वर्षांत मी त्याला समोर बसवून ओवाळले नव्हते. फोनच्या पडद्याला ओवाळण्यात काही राम नाही. पडद्यावरच्या भावाला कुंकू लागत नाही आणि त्याची ओवाळणीही आपल्या तबकात पडत नाही. तेव्हा चकलीची भाजणी, घरची दिनदर्शिका आणि भाचीसाठी परकर-पोलके असे सामान बांधून मी निघाले.

भाचीचे नाव मनू. वय वर्षे आठ. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी ओट्यापाशी कणीक मळून यमदीपदानाचा दिवा करीत होते आणि मनू शेजारी बसून चित्र काढीत होती. सहज डोकावले, तो काय! पानभर एक कवटी. डोळ्यांच्या खोबण्यांत फुले, कपाळावर वेलबुट्टी, आणि दात विचकून ती मजेत हसते आहे.

"अगं बाई, सणासुदीला हे काय अभद्र काढतेस?" मी ओरडलेच.

"आत्या, ही वाईट कवटी नाही. ही खूश आहे," मनूने मला समजावले.

यमाच्या नावाचा दिवा माझ्या हातात, तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची माझी धांदल, आणि मी त्या पोरीला मृत्यूचा विषय काढू नको म्हणून दटावते आहे, यातली गंमत त्या क्षणी माझ्या ध्यानातही आली नाही. आपल्या सणांत यम पावलोपावली भेटतो. भाऊबीज म्हणजे तरी काय? यमद्वितीया! बहिणीकडे जेवायला गेलेला भाऊ म्हणजे साक्षात यमधर्म. पण वर्षानुवर्षे घरात येणाऱ्या पाहुण्याकडे आपण निरखून पाहत नाही, तसेच हे.

मग मनूने शाळेतून आलेली चिठ्ठी दाखविली. शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, वर्गात मेक्सिकन लोकांचा 'दिया दे मुएर्तोस' हा सण शिकविला जाणार होता. आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे नेमके तेच लक्ष्मीपूजन. 'दिया' म्हणजे दिवा नव्हे, दिवस, मृतांचा दिवस. (या 'दिया'चे आणि आपल्या 'दिवसा'चे मूळ एकच, हे सांगण्याचा मोह मराठीच्या प्राध्यापिकेला आवरत नाही.) प्रत्येक मुलाने तीन गोष्टी आणायच्या होत्या: आपल्या घरच्या कुणा गेलेल्याचा फोटो, त्या माणसाला आवडणारी एखादी वस्तू, आणि त्याच्याविषयीची एक खरी गोष्ट. 'खरी' या शब्दाखाली बाईंनी दोनदा रेघ मारली होती.

त्या रात्री माझा अभ्यास घेण्याचे काम मनूने अंगावर घेतले. विद्यार्थिनी या नात्याने मी तशी मठ्ठच ठरले. मेक्सिकोत १ नोव्हेंबरला गेलेली लहान मुले घरी येतात आणि २ तारखेला मोठी माणसे येतात, हे तिने मला सांगितले. स्पॅनिश लोक १५१९ साली त्या देशात उतरले. त्यांनी आणलेले ख्रिस्ती सण आणि तिथल्या लोकांच्या त्याआधीच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या. त्यात कुणाचा वाटा किती, यावर पंडितांचे वाद अजून चालूच आहेत. पण सण मात्र कुणासाठी थांबलेला नाही. घरोघरी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करतात. तिच्यावर फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कातरून नक्षी पाडलेल्या कागदाच्या पताका, कोपाल नावाचा राळेसारखा धूप, आणि खास त्या दिवसांचा गोड पाव ठेवतात. पावाला ते 'पान' म्हणतात. आपल्याकडे पोर्तुगीजांनी दिलेला 'पाव' हा शब्द म्हणजे त्याचाच चुलतभाऊ. २००८ साली युनेस्कोने हा सण साऱ्या मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातला.

"आणि आत्या, झेंडू त्यांचा आहे," मनूने शेवटी बाँब टाकला.

हे मात्र मी ऐकून घेईना. दसऱ्याच्या तोरणाचा, लक्ष्मीपूजनाच्या माळांचा झेंडू त्यांचा? पण पोरगी खरे बोलत होती. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला असे मानतात. तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुले' असा होतो. एकाच फुलात दाटून भरलेल्या पाकळ्या पाहिल्या म्हणजे त्या नावाची मौज कळते. त्या फुलांचा वास आणि रंग यांच्या खुणेने मृतांना घरची वाट सापडते, म्हणून पाकळ्यांची पायवाट थेट उंबऱ्यापर्यंत आणतात. ज्या फुलाने आपण लक्ष्मीला बोलावतो, त्याच फुलाने ते लोक आपल्या आजोबांना बोलावतात.

"मी पण आजोबांचा फोटो नेणार," मनू म्हणाली.

"नाही. मांजराबिंजराचा ने कुणाच्या तरी," बैठकीतून भावाचा आवाज आला. "दिवाळीच्या दिवशी हे असले काही नको."

मी पाहतच राहिले. माझा भाऊ दिवाळीला अभ्यंगस्नानसुद्धा ऑफिसच्या बैठका सांभाळून करणारा. त्याला शुभ-अशुभाची एवढी चाड कधीपासून? पण मी बोलले नाही. कारण मला ठाऊक होते, आणि ते कारण आमच्या दोघांच्या मध्ये तीन वर्षे झाकून ठेवलेल्या भांड्यासारखे तसेच पडले होते.

२०२१ च्या एप्रिलअखेरीस अण्णा गेले. करोनाची दुसरी लाट पुण्यात ऐन भरात होती. अण्णा मात्र घरीच, हृदयविकाराने, पहाटे गेले. भाऊ तेव्हा इथे कामाच्या व्हिसावर होता. तो निघण्याच्या तयारीत, आणि तेवढ्यात बातमी आली की ४ मेपासून भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना अमेरिका प्रवेश देणार नाही. गेला असता तर परत केव्हा येता आले असते, कुणालाच सांगता येईना. नोकरी इथे, बायको इथे, पाच वर्षांची मनू इथे. तो आला नाही. "येऊ नकोस," असे मीच त्याला फोनवर सांगितले, आणि मनातल्या मनात त्याच्यावर रागावलेही मीच. माणसाचे मन असे दोन्ही हातांनी ताट वाढते आणि ओढतेही. त्यानंतर आम्ही आठवड्यातून दोनदा बोलत होतो. हवापाणी, भाव, मनूचे दात, सारे विषय होत. अण्णांचा विषय तेवढा कधी निघाला नाही. त्याच्या घराच्या भिंतीवर अण्णांचा फोटोही नव्हता.

गुरुवारी रात्री मी आणि भावजय चकल्या तळीत होतो. भूतवेष करून गोळ्या-चॉकलेटे मागण्याचा तिथला हॅलोवीनचा कार्यक्रम आटोपून मनू परत आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. "आत्या, आजोबांना काय आवडायचे?"

"बेसनाचे लाडू," मी न विचारता उत्तर देऊन टाकले.

"छे!" भाऊ दारात येऊन उभा होता. "बेसनाचे लाडू तुला आवडायचे. अण्णांना मोडक्या चकल्या आवडायच्या. डब्यातल्या अख्ख्या कधी घ्यायचे नाहीत. तळाचे तुकडे शोधून शोधून खायचे."

"अरे, ते आवडत होते म्हणून नव्हे. आपल्याला अख्ख्या मिळाव्यात म्हणून."

"मुळीच नाही. मी विचारले होते एकदा. मोडक्या जास्त खुसखुशीत लागतात, म्हणाले."

"आणि तू ते खरे मानलेस?"

आम्ही दोघे चांगले पाच मिनिटे भांडलो. तीन वर्षांत अण्णांवरून झालेले ते आमचे पहिले बोलणे, आणि ते चकलीवरून व्हावे! मनू एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी भावाने झाऱ्यातली एक गरम चकली उचलली, तिचे मुद्दाम चार तुकडे केले आणि एका लहान डबीत भरले. मग आतल्या खोलीत जाऊन त्याने कपाटाचा खण उघडला. पासपोर्टच्या पाकिटातून एक फोटो काढून त्याने तो मुकाट्याने डबीवर ठेवला. तो फोटो त्याच्यापाशी आहे, हे भावजयीलाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मनूच्या शाळेत पालकांना बोलावणे होते. मला गाडी चालविता येत नाही, म्हणून भाऊ सोडायला आला. तो गाडीतच बसून राहणार होता. पण फाटकाशी एक मेक्सिकन बाई पावाचे भले मोठे ताट आणि वर फुलांची टोपली सावरीत उभ्या होत्या, तेव्हा त्याला ताट हाती घेऊन वर्गापर्यंत यावेच लागले.

वर्गाच्या बाई मिचोआकान प्रांतातून आलेल्या कुटुंबातल्या. बोलण्यात मोठ्या ठाम. त्यांनी आरंभीच सांगितले, "आपण इथे या सणाविषयी शिकणार आहोत. प्रार्थना करणार नाही." सरकारी शाळेत धर्माचा अभ्यास चालेल, धर्माचे आचरण शाळेने करवून घ्यायचे नाही, हा तिथला दंडक. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली तो एका खटल्यात स्पष्ट केला. म्हणून मेणबत्त्याही बॅटरीवर चालणाऱ्या! एका मुलाच्या घरून हरकत आली होती. त्याला बाईंनी झेंडूवर निबंध लिहायला दिला होता आणि तो मनापासून लिहीत होता.

मग मुले एकेक करून पुढे येऊ लागली. एका मुलाच्या घरची सगळी माणसे, पणजीसकट, हयात; त्याने बिचाऱ्याने पेलेचे चित्र आणले होते. एका मुलीने सोनेरी मासा आणला, म्हणजे त्याचे चित्र. "तो फार हुशार नव्हता," ही तिची खरी गोष्ट. एका व्हिएतनामी मुलाने पणजीचा फोटो ठेवला आणि सांगितले की, आमच्या घरी ही मांडणी वर्षभर असते. शिवाय मुलांनी या सणाच्या रिवाजाप्रमाणे जिवंत माणसांवर मृत्युलेख रचले होते. गमतीच्या या पद्यांना तिकडे 'कालावेरा', म्हणजे कवटी, असे म्हणतात. मुख्याध्यापकांना एका मुलाने सूचना-फलकाखाली गाडले होते आणि स्वतः मुख्याध्यापक मागे उभे राहून हसत होते. भिंतीवर मोठ्या पिसाऱ्याची टोपी घातलेल्या सांगाड्याचे चित्र होते. पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराने नटव्या लोकांची टिंगल करण्यासाठी काढलेली ही ठमाबाई पुढे दिएगो रिव्हेराने १९४७ च्या आपल्या भित्तिचित्रात नखशिखान्त सजवून उभी केली, आणि आता ती साऱ्या सणाचाच चेहरा झाली आहे.

या सगळ्यात थोडा बाजारही आहेच. मेक्सिको शहरातली या सणाची प्रचंड मिरवणूक आता जगभर दाखवितात; पण ती सुरू झाली २०१६ साली, आदल्या वर्षीच्या एका बाँडपटात तशी मिरवणूक दिसली म्हणून! साखरेच्या कवट्या दुकानांत ढिगांनी मिळतात. पण या बाबतीत आपण तरी कुणाला हसावे? मनूच्या वर्गात त्याच आठवड्यात दिवाळीही शिकविली गेली होती. अंधारावर प्रकाशाचा विजय, एवढे एक वाक्य आणि कागदी पणती रंगविण्याचे काम. वाक्य चुकीचे नव्हते. पण ते कुणाच्याच घरातून आलेले नव्हते. पावाच्या त्या ताटाशेजारी उभी असताना मला फरक कळला. बाईंनी मुलांना सणाचा अर्थ विचारलाच नव्हता. त्यांनी विचारले होते, तुमच्या माणसाला काय आवडायचे?

मनूची पाळी आली. तिने डबी उघडून ठेवली. "हे माझे आजोबा. ते मोडक्या चकल्या खायचे. बाबा म्हणतात, त्यांना त्याच आवडायच्या. आत्या म्हणते, मुलांना अख्ख्या मिळाव्यात म्हणून खायचे. आम्हाला नक्की माहीत नाही."

मला वाटले, बाई म्हणतील, खरी गोष्ट एकच सांग. बाई म्हणाल्या, "दोन्ही लिही."

भाऊ दारापाशी उभा होता. पावाचे ताट आणणाऱ्या बाई त्याच्याजवळ गेल्या आणि स्पॅनिशमध्ये काही विचारू लागल्या. त्यांची मुलगी मनूच्याच वर्गातली. ती दुभाष्या झाली.

"आई विचारते, तुमचे वडील कुठे गेले?"

"पुण्याला. भारतात." मग थोडे थांबून तो म्हणाला, "मी तिथे नव्हतो."

मुलीने ते आईला सांगितले. आई बोलली, आणि त्या आठ वर्षांच्या पोरीने ते जसेच्या तसे आमच्यापुढे ठेवले. "आईपण नव्हती. तिची आई गावाला वारली. आई गेली असती तर तिला परत येता आले नसते. आई म्हणते, आपल्याला जाता येत नाही म्हणून तर ते येतात. लांबून येतात. तहान लागते. तुम्ही पाणी ठेवले नाही."

खरेच, आम्ही पाणी ठेवले नव्हते. भावाने इकडेतिकडे पाहिले. वर्गाच्या कोपऱ्यात मुलांनी रंगाचे हात धुण्याची मोरी होती. तिथे जाऊन त्याने एक कागदी पेला नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, अण्णांच्या फोटोपुढे आणून ठेवला. हा अभ्यास झाला की आचरण, याचा निवाडा १९६३ च्या न्यायमूर्तींनी खुशाल करावा.

परतीच्या वाटेवर तो काही बोलला नाही. संध्याकाळी लक्ष्मीपूजन यथासांग झाले. मात्र अण्णांचा फोटो पासपोर्टच्या पाकिटात परत गेला नाही. तो फडताळावर, मनूच्या पुस्तकांशेजारी राहिला.

रविवारी भाऊबीज. पाटाऐवजी योगासनांची चटई घडी करून टाकली. मी त्याला कुंकू लावले, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळले. त्याने तबकात ओवाळणी घातली. पण तो उठेना. निरांजनाकडे पाहत त्याने विचारले, "ताई, अण्णा शेवटी काही बोलले का गं?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मी साडेतीन वर्षे धरूनच चालले होते आणि त्याचे उत्तरही तयार ठेवले होते. 'तुझी आठवण काढीत होते,' असे मी सांगणार होते. छान वाक्य आहे. ऐकणाऱ्याला बरे वाटते, सांगणाऱ्यालाही बरे वाटते. विलापिका शिकविणाऱ्या बाईला असली वाक्ये सुचायला वेळ लागत नाही. पण त्या चिठ्ठीतल्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

"नाही रे," मी म्हटले. "दुधाची पिशवी आत घेतलीस का, एवढेच विचारले."

"घेतली होतीस?"

"नाही. त्या दिवशी सगळे दूध नासले."

तो हसला. हसता हसता त्याने डोळ्यांना हात लावला. मग त्याने मला त्या पहाटेचे सगळे विचारले: कोण आले होते, अण्णांच्या अंगावर कुठला सदरा होता, शेजारच्या काकूंनी चहा केला तो कुणी प्यायला की नाही. मी सांगत गेले. मोठी अशी एकही गोष्ट त्यात नव्हती. मध्येच भावजयीने चकल्यांची ताटली आणून ठेवली. अख्ख्या तशाच राहिल्या आणि तुकडे तेवढे संपले, हे मी नंतर पाहिले.

२०२१ सालीच माझ्या वर्गातल्या एका मुलीने वडील वारल्याचे कळवून रजेचा अर्ज केला होता. मी त्यावर 'मंजूर' असा शेरा मारला होता आणि राहिलेली टिपणे मैत्रिणीकडून उतरवून घे, असे तिला सांगितले होते. पुढच्याच महिन्यात मी तिला विलापिका शिकविली. तिच्या वडिलांना काय आवडायचे, हे मी विचारले नाही. ती आता पदवी घेऊन गेली. विचारायचे राहून गेले.

सुटी संपवून परत आल्यावर दुसऱ्या सत्रात विलापिकेचा तास आला. खडू हातात घेतला आणि खाली ठेवला. मुलांना म्हटले, ज्याला वाटेल त्याने आपल्या कुणा गेलेल्या माणसाला काय आवडायचे ते एका ओळीत लिहा. माझ्याकडे दिले नाही तरी चालेल. पण लिहाल ते खरे लिहा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात वहीवर कधी वाकला नव्हता, तो तासभर लिहीत होता.

विलापिकेची व्याख्या त्या दिवशी राहून गेली. ती मी पुढच्या तासाला सांगितली. परीक्षेला ती येतेच.